अनुपूच्या पायऱ्या
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत वक्त्याने ग्रंथांविषयी बोलावे, ही अपेक्षा रास्तच आहे. मी मात्र आज आपणांस अशा एका वास्तूकडे नेऊ इच्छितो, की जिच्यात ग्रंथ नाही, शब्दही नाही. आहेत त्या केवळ बसण्याच्या पायऱ्या. त्या पायऱ्यांपासून ग्रंथालयापर्यंतची वाट फार लांबची नाही, हे व्याख्यानाच्या अखेरीस आपल्या ध्यानी येईल, असा मला विश्वास वाटतो.

काचीगुड्याहून निघून इब्राहिमपट्टण, माल, मल्लेपल्ली ही गावे मागे टाकीत दीडशेहून थोड्या अधिक किलोमीटरांवर आपण नागार्जुनसागरच्या धरणापाशी पोहोचतो. आपल्यापैकी बहुतेकांनी ते धरण पाहिलेले आहे. सहलीला गेलेल्या पिढ्यान्‌पिढ्यांचे फोटो तिथले आहेत. धरण ओलांडले की कृष्णेचा उजवा काठ लागतो. २०१४ नंतर तो काठ दुसऱ्या राज्यात गेला. आज तो आंध्र प्रदेशाच्या पालनाडू जिल्ह्यात मोडतो. त्या काठाने काही किलोमीटर पुढे गेले की अनुपू नावाचे ठिकाण येते. धरण पाहणाऱ्यांपैकी फार थोडे लोक तिथवर जातात. जे जातात त्यांना वाटाड्या एका खोलगट चौकोनी वास्तूपाशी नेऊन उभे करतो आणि सांगतो, ‘हे रोमन थिएटर.’

प्रथम ती वास्तू कशी आहे ते पाहू. मधोमध एक आयताकार अंगण आहे, सुमारे ५४ फूट लांब आणि ४५ फूट रुंद. त्याच्या चारही बाजूंनी पायऱ्या वर चढत गेल्या आहेत. विटांच्या बांधकामावर दगडी फरशा बसवलेल्या या पायऱ्या सुमारे दोन फूट रुंद आहेत. म्हणजे मांडी घालून नव्हे, तर पाय खाली सोडून बसावे अशा. छप्पर नाही. एका सहलीत आम्ही महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना तिथे घेऊन गेलो होतो. एका मुलीला अंगणाच्या मध्यभागी उभे केले आणि घरात बोलतो त्या आवाजात काहीही बोलायला सांगितले. तिने आपले नाव, गाव आणि त्या दिवशीच्या डब्यातली भाजी सांगितली. सर्वांत वरच्या पायरीवर बसलेल्यांना ती भाजीसुद्धा ऐकू आली. ज्याने कोणी ही वास्तू बांधली, त्याला माणसाचा आवाज कुठवर जातो आणि तो कसा राखावा, याचे ज्ञान होते.

आता प्रश्न असा, की ही वास्तू रोमन आहे काय? रोमन लोकांची प्रेक्षागारे मुख्यतः दोन प्रकारची होती. एक नाट्यगृह. त्यात अर्धवर्तुळात चढत जाणाऱ्या बैठका आणि त्यांच्या समोर उंच, खांबांनी सजवलेली रंगमंचाची भिंत असे. दुसरा प्रकार लंबवर्तुळाकार रिंगणाचा. त्यात प्रेक्षक चहूबाजूंनी बसत आणि मध्ये मल्लांच्या व श्वापदांच्या झुंजी चालत. इ. स. ८० मध्ये खुले झालेले रोमचे कलोसियम हे या दुसऱ्या प्रकाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. अनुपूच्या वास्तूत रंगमंचाची भिंत नाही, म्हणून ते पहिल्या प्रकारचे नाट्यगृह नव्हे. प्रेक्षक चारही बाजूंना आहेत, परंतु आकार लंबवर्तुळ नसून आयत आहे, म्हणून ते दुसऱ्या प्रकारातही चपखल बसत नाही. सारांश, रोमन रूढीप्रमाणे पाहिले तर ही वास्तू दोन्ही साच्यांच्या बाहेरची ठरते.

तरीही ‘रोमन’ हा शब्द इथे निराधारपणे आलेला नाही. ही वास्तू जिथे सापडली, ती नागार्जुनकोंड्याची दरी म्हणजे इक्ष्वाकू राजांची विजयपुरी. सातवाहनांची सत्ता मावळल्यानंतर, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात, वासिष्ठीपुत्र चांतमूल याने या घराण्याची स्थापना केली. या दरीच्या उत्खननात रोमन सोन्याची नाणी मिळाली. एका कोरीव खांबावर दाढीधारी, अर्धनग्न आणि हाती मद्याचे शिंग घेतलेली आकृती आहे. तिच्यात अभ्यासकांनी डायोनायसस हा ग्रीक देव ओळखला. डायोनायसस हा मद्याचा देव, तसाच तो ग्रीक नाटकाचाही देव. अथेन्सचे आद्य नाट्यगृह त्याच्याच नावाचे. कृष्णेच्या काठी तो देव खांबावर आणि काही अंतरावर प्रेक्षकांच्या पायऱ्या, असे दोन्ही सापडल्यावर उत्खननकारांच्या मनात रोम आले असेल, तर त्यात नवल नाही.

शिवाय हे नाते एकट्या विजयपुरीचे नव्हते. आपल्या मराठी मुलखाने ते अधिक आधीपासून जपले होते. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तेर ही दोन गावे नावानिशी येतात. तिथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात असे. त्यांतील तेर हे आपल्यापैकी अनेकांच्या आजोळाच्या वाटेवरचे, जुन्या हैदराबाद संस्थानातल्या उस्मानाबाद जिल्ह्यातले गाव. तेरला आणि जालन्याजवळच्या भोकरदनला हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाल्या. तशाच घडणीची मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पॉम्पे येथे, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या घरात सापडली होती. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडावर १९४५-४६ मध्ये डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी उत्खनन केले. रोमन जगातील पोसायडन या समुद्रदेवतेची काशाची मूर्ती याच ब्रह्मपुरीतली. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर धेनुकाकट येथील यवनांच्या दानांचे लेख आहेत. यवन इथे येऊन केवळ व्यापार करून परतले नाहीत. त्यांतील काहींनी इथल्या लेण्यांना खांब दिले आणि त्यावर आपली नावे प्राकृतात कोरवून घेतली.

असे असले तरी दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. भरताच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय प्रेक्षागृहाच्या बांधणीला वाहिलेला आहे. विकृष्ट म्हणजे आयत, चतुरस्र म्हणजे चौकोनी आणि त्र्यस्र म्हणजे त्रिकोणी, असे त्याचे तीन आकार. माणसांसाठी चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद असे मध्यम प्रेक्षागृह भरताने योग्य मानले. याहून मोठे बांधाल तर नटाचा शब्द अस्पष्ट होईल आणि चेहऱ्यावरील भाव दिसणार नाहीत, असे कारणही त्याने दिले. प्रेक्षकांच्या बैठका विटा आणि लाकूड यांच्या, सोपानासारख्या म्हणजे जिन्यासारख्या चढत्या कराव्यात, असे त्याचे सांगणे आहे. म्हणजे पायऱ्यांवर प्रेक्षक बसवण्याची कल्पना या देशाला परकी नव्हती. गंमत अशी, की इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस यालाही नाट्यगृहाचा विचार करताना हीच चिंता पडली होती. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कसा न्यावा, यासाठी त्याने बैठकांखाली काशाची भांडी ठेवण्याची योजना सांगितली आहे. एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या दोन शास्त्रकारांना शेवटच्या रांगेतला माणूस सारखाच महत्त्वाचा वाटला.

‘जवनिका’ या शब्दावरून एकोणिसाव्या शतकात असाच वाद माजला होता. नाटकाच्या पडद्याला यवनिका म्हणतात, यवन म्हणजे ग्रीक, तेव्हा संस्कृत नाटक ग्रीकांकडून आले, असे वेबर आणि विंडिश यांसारख्या जर्मन पंडितांनी प्रतिपादले. आपल्याकडच्या पंडितांनी त्याचा प्रतिवाद केला. पुष्कळ शाई खर्ची पडली. मला वाटते, अनुपूच्या पायऱ्यांबाबत तो वाद पुन्हा लढण्याचे कारण नाही. जिथे परदेशी नाणे चालते, परदेशी देव खांबावर चढतो, तिथे परदेशी प्रेक्षागाराची वार्ताही पोहोचली असणे सहज शक्य आहे. आणि जिथे सोपानाकृती बैठकांची स्वतःची परंपरा आहे, तिथे त्या वार्तेतून घडले ते आयताकार, विटांचे, या मातीचे. आपल्या भाषेनेही फारसी, पोर्तुगीज, इंग्रजी आणि इथे आल्यावर तेलुगू आणि दखनी शब्द असेच घेतले आणि त्यांना मराठी प्रत्यय लावले.

त्यापेक्षा मला अधिक मोलाचा वाटतो तो दुसरा प्रश्न: या पायऱ्यांवर बसत होते तरी कोण? विजयपुरीचे शिलालेख त्याचे उत्तर देतात. तिथल्या महाचैत्याला मोठे दान देणारी चांतिसिरी ही राजा चांतमूलाची बहीण. चांतमूलाचा पुत्र वीरपुरुषदत्त याची एक राणी रुद्रधरभट्टारिका थेट उज्जयिनीची राजकन्या होती. बोधिसिरी नावाच्या उपासिकेच्या लेखात ताम्रपर्णीच्या म्हणजे सिंहलद्वीपाच्या आचार्यांचा गौरव आहे. त्यांनी ज्या ज्या देशांत धर्मप्रसार केला त्या देशांची नामावळी तिथे कोरलेली आहे. तीत काश्मीर, गांधार, चीन, वंग, वनवासी यांच्या जोडीला अपरांत, म्हणजे आपले कोकण, हेही नाव आहे. कृष्णाकाठच्या त्या एका दरीत सिंहली भिक्षूंसाठी विहार होता, उज्जयिनीची सून होती आणि कोकणाचे नाव माहीत असलेली दानशूर स्त्री होती. अनेक भाषा एकाच पायरीवर शेजारी बसण्याचा प्रघात या भूमीत सतराशे वर्षे जुना आहे. हैदराबादकरांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

भाषेचा अध्यापक म्हणून मी इथे एका शब्दाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. तो शब्द ‘समाज’. आज आपण तो लोकसमूह या अर्थाने वापरतो. त्या काळी त्याचा अर्थ होता काहीतरी पाहण्या-ऐकण्यासाठी भरलेला मेळावा; त्यात संगीत, नृत्य, मल्लयुद्ध, नाट्य सारे येई. अशोकाच्या पहिल्या शिलालेखात असे समाज भरवू नयेत अशी आज्ञा आहे आणि काही समाज मात्र राजाला मान्य आहेत, अशी सवलतही लगोलग आहे. आपल्या कर्नूल जिल्ह्यातील एर्रगुडीच्या खडकावर हा लेख आजही उभा आहे. पुढे नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राची, गौतमीपुत्र सातकर्णीची जी थोरवी कोरवली, तिच्यात उत्सव आणि समाज भरवणारा हा त्याचा गुण म्हणून सांगितला आहे. म्हणजे लोकांना एकत्र बसवून काही दाखवणे-ऐकवणे हे राजाचे भूषण ठरले. पुढे मेळाव्याचा तो शब्द आपण साऱ्या लोकजीवनाला दिला. एकत्र बसून एकच गोष्ट ऐकणारी माणसे म्हणजे समाज, ही व्याख्या अनुपूच्या पायऱ्यांवर बसले असता पुस्तकी वाटत नाही.

परंतु मित्रहो, त्या पायऱ्यांवर बसून मनाला एक रुखरुखही लागते. तिथे मल्ल झुंजले असतील, मृदंग वाजले असतील, कोणी कथा सांगितल्या असतील. त्यांतली एकही ओळ आपल्यापर्यंत आलेली नाही. श्रोत्यांची जागा राहिली आणि शब्द गेले.

नेमके याच्या उलट उदाहरण आपल्या परंपरेत आहे. हाल सातवाहनाची गाथासप्तशती, सातशे प्राकृत गाथांचा तो संग्रह, स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये मराठी वाचकांपुढे ठेवला. त्या गाथा ज्या अंगणांत, ज्या चावड्यांवर म्हटल्या गेल्या, त्यांची एक वीटही शिल्लक नाही. शब्द मात्र पाठ करणाऱ्यांनी आणि पोथ्या नकलणाऱ्यांनी आपल्या दारापर्यंत आणून सोडले. त्याहून जवळचे उदाहरण तंजावरचे. १६८४ ते १७१२ या काळात राज्य करणाऱ्या शहाजीराजे भोसल्यांनी मराठीत नाटके लिहिली. त्यांच्या ‘पंचभाषाविलासा’त तर मराठी, तेलुगू, तमिळ, हिंदी आणि संस्कृत या पाचही भाषा एकाच रंगभूमीवर येतात. सांगलीला विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ सादर केले, त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधीची ही गोष्ट. महाराष्ट्राला या नाटकांचा दीर्घकाळ पत्ता नव्हता. ती टिकली, कारण तमिळ मुलखाच्या मधोमध सरस्वतीमहाल नावाचे ग्रंथालय होते आणि त्यात कोणीतरी ती हस्तलिखिते कपडा गुंडाळून जपून ठेवली होती. मराठी नाटकाच्या इतिहासाचा आरंभ दीड शतकाने मागे गेला, तो मुलखाबाहेरच्या एका ग्रंथालयामुळे. मराठी मुलखाबाहेरच्या आपल्या ग्रंथालयाने हे विशेष ध्यानी ठेवावे असे आहे.

आता अनुपूची वास्तू मुळात अनुपूची नाही, हेही सांगितले पाहिजे. १९२६ मध्ये नागार्जुनकोंड्याच्या अवशेषांचा शोध लागला. पुढे लाँगहर्स्ट यांनी आणि नंतर टी. एन. रामचंद्रन यांनी तिथे उत्खनन केले. दरम्यान कृष्णेवर धरण बांधण्याचे ठरले आणि १० डिसेंबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. दरी पाण्याखाली जाणार हे निश्चित होते. १९५४ ते १९६० ही सहा वर्षे डॉ. आर. सुब्रह्मण्यम यांच्या नेतृत्वाखाली पुरातत्त्व खात्याची माणसे तिथे तळ ठोकून राहिली आणि शंभराहून अधिक स्थळे त्यांनी खणून काढली. पुढे पाणी चढले आणि १९६७ मध्ये कालव्यांत सोडले गेले. लाखो एकर कोरड्या जमिनीला त्या पाण्याने भिजवले, ते धान्य आपणही खाल्ले आहे. धरणाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. प्रश्न निवडीचा होता. शंभर स्थळांपैकी सारी हलवणे अशक्य होते. काही निवडक वास्तू उतरवून टेकडीच्या माथ्यावर, म्हणजे आजच्या बेटावर, नेऊन पुन्हा उभारल्या. काही अनुपूला आणल्या. एक विहार, हारीतीचे मंदिर आणि हे प्रेक्षागार त्यांतलेच. बाकीचे सारे पाहून, मोजून, नकाशावर उतरवून पाण्याच्या स्वाधीन केले. पुल्लारेड्डीगुडेमसारखी दरीतली गावेही गेली. त्यांच्या माणसांना नव्या जागी जावे लागले. त्यांची घरे कोणी दगडागणिक उतरवून पुन्हा रचली नाहीत.

ही वेळ पुढेही पुन्हा पुन्हा आली. श्रीशैलमच्या जलाशयापायी कूडवेल्लीचे संगमेश्वर मंदिर आलमपूरला हलवावे लागले. उजनीच्या पाण्यात गेलेले पळसदेवचे मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरले की अजून डोके वर काढते. सुब्रह्मण्यम आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्या सहा वर्षांत रोज एकच निर्णय घ्यावा लागत असेल: काय वाचवायचे आणि काय केवळ नोंदवायचे. त्यांनी स्तूप आणि विहार वाचवले, हे अपेक्षितच होते. सामान्य माणसांनी एकत्र बसण्याची जागाही त्यांना वाचवण्यासारखी वाटली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

सभासदहो, प्रत्येक जुन्या ग्रंथालयावर हीच वेळ संथपणे येत असते. पाणी दिसत नाही एवढेच. कपाटे अपुरी पडतात, वाळवी लागते, कागद पिवळा पडून तुटू लागतो आणि मग निर्लेखनाची यादी तयार होते. ती करावीच लागते. सारेच ठेवता येत नाही. माझी विनंती त्या यादीतल्या एका विभागापुरती आहे. आपल्या नाटकांच्या कपाटात पाठपुठ्ठा निघालेल्या, नव्या आवृत्त्या उपलब्ध असलेल्या, म्हणून निरुपयोगी ठरू शकतील अशा पुष्कळ प्रती आहेत. त्या उघडून पाहा. अनेक पानांवर पेन्सिलीच्या खुणा दिसतील. कुठे संवाद गाळला आहे, कुठे ‘इथे थांबणे’ असे लिहिले आहे, कुठे पात्राच्या नावापुढे कोणा हौशी नटाचे अडनाव. गणेशोत्सवातल्या, स्नेहसंमेलनांतल्या प्रयोगांच्या तालमी याच प्रतींवरून झाल्या. मनमाडकडून येणाऱ्या मीटरगेजच्या गाडीने औरंगाबाद, परभणी, नांदेडची जी माणसे काचीगुडा स्थानकावर उतरली आणि या शहराची झाली, त्यांच्या आवाजाची ही एवढीच छापील खूण उरली आहे. बाजारात मिळणाऱ्या नव्या प्रतीत नाटक मिळेल, हैदराबादचा प्रयोग मिळणार नाही.

विजयपुरीच्या रहिवाशांना पायऱ्या ठेवता आल्या, शब्द ठेवता आले नाहीत. तंजावरकरांनी शब्द ठेवले. आपल्याजवळ या क्षणी दोन्ही आहे: बसायला हे दालन आणि त्या दालनात ज्यांनी शब्द उच्चारले त्यांच्या हस्ताक्षराच्या प्रती. म्हणून व्यवस्थापक मंडळास माझी सूचना अशी, की पेन्सिलीच्या खुणा असलेली प्रत्येक नाट्यप्रत निर्लेखनातून वगळावी, दाखल नोंदवहीत तिच्यापुढे तशी नोंद करावी आणि प्रयोगाचे वर्ष, स्थळ, भूमिका ज्येष्ठ सभासदांना विचारून लिहून ठेवाव्यात. हे सांगू शकणारे सभासद आज या सभेत बसलेले मला दिसत आहेत. हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही. दर शनिवारी संध्याकाळी दोन तास देण्याची माझी तयारी आहे. आणखी चार-पाच जण मिळाले तर सहा महिन्यांत ते कपाट पुरे होईल.

आणि सवड काढून एकदा अनुपूला अवश्य जा. वरच्या पायरीवर बसा आणि खाली कोणालातरी बोलायला सांगा.